मुरगळणें, मोडणें व मोच : एका अर्थनिर्णयाची चिकित्सा

जाफराबाद येथें पूर्णा व केळणा या नद्यांचा संगम आहे. दोन वर्षांपूर्वीं पावसाळा सरल्यावर गांवच्या जुन्या तटाचे उरलेले दगड पाहण्याकरितां आम्ही नदीच्या उतारानें जात होतों. तेव्हां आमचा उजवा पाय घोट्यांत वळला आणि आम्ही तेथेंच बसलों. धांवून आलेला पहिला मनुष्य म्हणाला, "गुरुजी, मोच आली." वाटेंतल्या दुकानदारानें "लचक भरली" असें सांगितलें. घरीं "पाय मुरगळला" हा शब्द कानीं आला; आणि सायंकाळीं समाचारास आलेल्या एका वृद्ध बाईंनीं "पाय मोडला तर नाहीं ना?" असें विचारलें. एकाच घोट्यास अर्ध्या दिवसांत चार शब्द मिळाले. पाय तीन आठवड्यांनीं बरा झाला. शब्दांचा विचार मात्र चालूच राहिला, व त्याचें फळ या टिपणाच्या रूपानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय वैद्यकाचा, इतिहास-संशोधकांच्या त्रैमासिकांत त्याचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. प्रयोजन आहे. जुन्या घरांतून जीं बाडें आपणांस मिळतात त्यांत स्तोत्रें, हिशेब, मुहूर्त आणि औषधांचीं टिपणें एकत्र नांदत असतात. हिशेबाचें पान आपण काळजीपूर्वक वाचतों. औषधाच्या पानावर "हाड मोडल्यावर" किंवा "सांधा निखळल्यावर" असा एखादा मथळा घालून पुढें जातों. तो मथळा बहुधा शब्दाच्या व्युत्पत्तीवरून घातलेला असतो. खालीं सांगितलेला उपाय पाहून नव्हे. या रीतींत दोष आहे, एवढेंच दाखविण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं प्रचारांतील तीन समजुती तपासून पाहूं.

पहिली समजूत अशी कीं, मोच हा शब्द यावनी आहे, म्हणून तो मराठींतून काढून टाकावा. जाफराबाद १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील दरबारी कारभार उर्दूंत चाले, व हैदराबादेस १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच दिलें जाई. आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडीं मोच हा शब्द त्या वाटेनें आला असल्यास नवल नाहीं. पण उर्दूंतून येणें निराळें व फारशींत किंवा अरबींत जन्मणें निराळें. अरबींत च हा वर्णच नाहीं, म्हणून ती भाषा आरंभींच बाजूस राहते. फारशीविषयीं मात्र एक मोह पडण्यासारखा आहे. त्या भाषेंत मनगटास मुच म्हणतात, आणि 'पायाचा मुच' या अर्थाच्या शब्दानें घोटा दाखवितात. ज्या दोन सांध्यांना मोच येते नेमके तेच दोन! उतावळ्या व्युत्पत्तिकारास याहून अधिक काय पाहिजे? परंतु फारशी शब्द अवयवाचा वाचक आहे, इजेचा नव्हे. त्यांतील स्वर ऱ्हस्व आहे, तर उर्दू मोच ओकारयुक्त असून वाव घालून लिहितात. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, इराणी मनुष्याचा पाय मुरगळला तर तो 'पेच खातो'. मोच हा शब्द तेथें त्या अर्थीं चालत नाहीं. हाच पेच आपल्याकडे पगडींत, कुस्तींत आणि कोर्टकचेरींत आला, पण घोट्यांत शिरला नाहीं. शब्द एका भाषेंतून दुसरींत जातात ते असे निवडून जातात. नुसत्या ध्वनिसाम्यावरून त्यांचा मार्ग कळत नाहीं.

फारशी नको म्हणून कोणी संस्कृत मुच् धातूकडे धांव घेईल. त्यास सुश्रुताचा आधारहि आहे असें वाटेल, कारण सांध्याच्या इजेस सुश्रुत संधिमुक्त म्हणतो. ही व्युत्पत्ति त्याहून मोहक, पण तितकीच अग्राह्य आहे. दोन स्वरांमध्यें एकटा सांपडलेला च प्राकृतांत बहुधा लोप पावतो, हा वररुचि व हेमचंद्र या दोघांचाहि नियम आहे. सूचीची सुई होते, लोचनाचें लोअण होतें. त्याच न्यायानें मोचनाचें मोअण होईल, मोच राहणार नाहीं. अर्वाचीन भाषांत जेथें च टिकला आहे तेथें मागें जोडाक्षर असतें: सत्य, सच्च, साच, नृत्य, णच्च, नाच. तेव्हां मोच हा फारशीचा नाहीं आणि मुच् धातूपासून सरळ आलेलाहि नाहीं. तो हिंदुस्थानी बोलींतला देशी शब्द आहे आणि उर्दूच्या सोबतीनें मराठवाड्यांत स्थिरावला आहे. शिवकालीं रघुनाथ पंडितानें राज्यव्यवहारकोश रचून फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते राजदरबाराच्या व्यवहारासाठीं. तो दंड या गरीब शब्दास करण्याचें कारण नाहीं.

दुसरी समजूत मुरगळणें या शब्दाविषयींची. येथें कै. राजवाडे यांच्या पद्धतीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. मराठी धातूंचा एवढा मोठा संग्रह त्यांच्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. १९२६ सालीं त्यांचें निधन झालें, व त्यांचा धातुकोश धुळ्याहून १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या श्रमांपुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु प्रत्येक मराठी क्रियापदास संस्कृतांतील किंवा त्याहून जुन्या भाषेंतील धातु सांपडलाच पाहिजे ही जी दृष्टि त्यांच्यामुळें रूढ झाली, तिचा त्रास आज होतो. धातुपाठांत सुमारें दोन हजार धातु आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा प्रयोग वाङ्मयांत कोठेंहि आढळत नाहीं. एवढ्या मोठ्या भांडारांतून जुळणारा धातु न सांपडला तरच आश्चर्य.

मुरगळणें या शब्दाचेच पाहा. वेष्टणें या अर्थाचा मुर् धातु धातुपाठांत आहे. मर्दन करणें या अर्थाचा मुट् आहे. हेमचंद्रानें भंज् धातूबद्दल प्राकृतांत येणारे जे आदेश दिले आहेत त्यांत मूर हा एक आहे, व त्याचा अर्थ मोडणें असा होतो. दक्षिणेकडे वळावें तर कानडींत मुरि म्हणजे मोडणें तसेंच वांकणें, आणि तमिळांत मुरुक्कु म्हणजे पीळ घालणें. तिकडील चकलीसारख्या खाद्यास याच क्रियेवरून नांव मिळालें आहे. असे चार दावेदार पुढें आले असतां ज्याचा आवाज मोठा त्यास शब्द देऊन टाकणें हा न्याय नव्हे. आधीं मराठीच्या घरांत चौकशी करावी.

घरांत साक्षी पुष्कळ आहेत. करंजीच्या कडेस घालतात ती मुरड. पोटांत पीळ पडतो तो मुरडा. आणि त्यावर उगाळून देतात ती मुरडशेंग स्वतः दोरीसारखी पिळलेली असते. नाक मुरडतात, चालतांना मुरडतात, गेलेला मनुष्य वाटेंतून मागें मुरडतो. यांपैकीं एकाहि प्रयोगांत कांहीं तुटत नाहीं. सर्वत्र वळणें किंवा पीळ पडणें एवढाच अर्थ आहे. आतां शब्दाचा उत्तरार्ध पाहूं. मुरगळणें याची फोड 'मुरडून गळणें' अशी करून त्यांत सांधा खालीं उतरल्याचा अर्थ आणणारे विद्वान् आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं कान पिरगळणें व कापड चुरगळणें हे दोन शब्द शेजारीं ठेवून पाहावे. पिरगळलेला कान गळून पडत नाहीं, चुरगळलेलें कापडहि नाहीं. तिन्हींत -गळ हें एकच शेपूट आहे व क्रियेचा जोर दाखविण्यापलीकडे त्यास काम नाहीं. म्हणून मुरगळणें म्हणजे जोरानें पीळ पडणें. सांधा सुटणें हा अर्थ त्या शब्दांत नाहीं, आणि हाड मोडणें हा तर नाहींच. मूळ मुर् असो कीं कानडी मुरि असो, हा निर्णय बदलत नाहीं. व तो करण्यास धातुपाठ उघडावाहि लागला नाहीं.

लचक व उसण यांबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. लचकणें म्हणजे दबून वांकणें. फांदी लचकते, कंबर लचकते. "लचकत मुरडत चालणें" या जोडीवरून दिसेल कीं, डौलाला व दुखण्याला मराठींत शब्द एकच आहेत, प्रमाण तेवढें वेगळें. उसण भरते ती बहुधा पाठींत, कुशींत किंवा मानेंत. घोट्यांत उसण भरली असें कोणी म्हणत नाहीं. हे भेद अशिक्षित समजल्या जाणाऱ्या बोलणाऱ्यास ठाऊक असतात, आणि आपण सूची करतांना ते पुसून टाकतों.

मोडणें हा शब्द अधिक कठीण आहे. त्याची वाट स्पष्ट आहे: मोटन, मोडण, मोडणें; स्वरांमधील ट चा ड होणें हा प्राकृताचा नित्याचा नियम. पण अर्थाच्या बाबतींत एकाच घरांतील दोन भावांनीं वांटणी केली. हिंदींत मोड़ना म्हणजे वळविणें, मराठींत मोडणें म्हणजे तुकडे होणें. ही वांटणी आज पक्की दिसते, तरी मराठींत जुन्या अर्थाचीं बेटें शिल्लक आहेत. बोटें मोडणाऱ्याचीं बोटें शाबूत राहतात. ताप येण्यापूर्वीं अंग मोडून येतें, त्यांत एकहि हाड दुखावत नाहीं. या प्रयोगांत मोडणें म्हणजे वांकविणें, ताणणें. यावरून, समाचारास आलेल्या बाईंच्या तोंडीं 'मोडला' याचा अर्थ काय होता, हें आम्हांस त्यांना विचारावें लागलें. त्यांनीं सांगितलें, "हाड गेलं का म्हणून विचारलं." बोलणारें माणूस समोर होतें म्हणून विचारतां आलें. दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदास विचारतां येत नाहीं, आणि अडचण तेथेंच आहे.

वाचकांच्या नित्य परिचयाच्या एका नांवाचा येथें संबंध येतो, तें म्हणजे मोडी. मोडी म्हणजे मोडलेली लिपि असें सांगण्याचा प्रघात आहे. फारशींतील शिकस्त या लेखनपद्धतीच्या नांवाचा अर्थहि 'मोडलेली' असाच असल्यानें त्या मतास बळकटी आणतात. परंतु मोडणें यांत वळविण्याचा अर्थ होता हें वर दाखविलें आहे. मोडीचा लेखक आधीं ओळ आंखून घेतो, आणि लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरें वळवीत जातो. या कृतीस 'मोडलेली' यापेक्षां 'वळविलेली' हें वर्णन अधिक लागू पडतें असें आम्हांस वाटतें. निदान मोडी म्हणजे मोडकी बाळबोध अशी जी हेटाळणी शाळांतून ऐकूं येत असे तिला शब्दाचा आधार नाहीं.

लिपीवरून पुन्हां वैद्यकाकडे वळण्यास सोपा पूल आहे. मोडीचें जनकत्व परंपरा ज्या हेमाद्रीला, म्हणजे आपल्या हेमाडपंताला, देते तो देवगिरीच्या यादवांचा करणाधिप होता, आणि अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका त्यानेंच लिहिली. वैद्यकाचें शास्त्र व लेखनाची कला एका माणसाच्या मेजावर बसत असत. आज त्यांना वेगळें करून आपण दोन्हींकडे चुका करतों.

तिसरी समजूत या शास्त्राच्या भाषांतराची. सुश्रुतानें निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत भग्नाचे दोन वर्ग केले आहेत, संधिमुक्त व कांडभग्न. कांडभग्न बारा प्रकारचें. संधिमुक्त सहा प्रकारचें: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त. यांत विवर्तित हा शब्द पाहतांच 'मुरगळलेला' असें भाषांतर हातून उतरतें, कारण वि उपसर्ग लागलेला वृत् धातु फिरण्याच्या अर्थाचा आहे. आम्हीहि शाळेंत कित्येक वर्षें तोच अर्थ सांगितला. पण सुश्रुताची व्याख्या अशी कीं, विवर्तितांत सांध्याचें हाड कुशीस सरकतें व त्यामुळें अवयव विषम दिसतो. ही मुरगळ नव्हे, ही निखळण आहे. उलट विश्लिष्ट या शब्दाचा अर्थ 'सुटलेला' असा भयंकर वाटतो, तरी त्याचीं लक्षणें थोडी सूज, सतत वेदना आणि सांध्याच्या क्रियेंत बिघाड अशीं सांगितलीं आहेत. मुरगळीच्या जवळ तें अधिक आहे. व्युत्पत्तीनें एकीकडे ओढलें, व्याख्येनें दुसरीकडे नेलें. अशा वेळीं व्याख्येस मान देणें हेंच शास्त्र.

याहूनहि जवळचें स्थळ भग्नाच्या अध्यायांत नाहींच. निदानस्थानाच्या पहिल्या, वातव्याधीच्या, अध्यायांत वातकंटक म्हणून एक व्याधि आहे. पाऊल विषम पडल्यानें घोट्याच्या ठिकाणीं वायु आश्रय करून वेदना उत्पन्न करतो, असें त्याचें स्वरूप. नदीच्या उतारावर आमचें जें झालें त्याचें याहून नेमकें वर्णन आम्हांस करतां येणार नाहीं. ज्यानें भग्न, मुक्त, मोटन असे धातु धरून कोश चाळला तो या पानावर कधींच पोंचणार नाहीं. शारीरस्थानांत एकशें सात मर्मांपैकीं आठ मर्में रुजाकर, म्हणजे केवळ वेदना देणारीं, म्हणून सांगितलीं आहेत. दोन घोटे व दोन मनगटें त्यांतच येतात. हाड शाबूत असतांहि या सांध्यांची वेदना असह्य होते. म्हणून दुखण्याच्या तीव्रतेवरून मोडलें कीं मुरगळलें हें ठरत नाहीं.

हें सर्व केवळ शब्दांचें खेळणें आहे असें कोणास वाटूं नये म्हणून घरचें एक उदाहरण देतों. आमच्या मातोश्री वयाच्या साठाव्या वर्षीं अंगणांत घसरल्या व पडतांना त्यांनीं उजवा तळहात पुढें टेकला. मनगट सुजलें. तें मुरगळलें आहे असें घरांत ठरलें. ठरविणारांत आम्ही मुख्य होतों, कारण संस्कृत शिकलेल्याचा शब्द शेवटचा मानण्याची घरांत रीत होती. दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या एका जाणत्यानें तेल लावून तें मनगट चोळलें आणि ओढलें. मुरगळ म्हटल्यावर त्यानें दुसरें काय करावें? अडीच महिन्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें, तेव्हां हाड मोडून वांकडें जुळलेलें दिसलें. त्यानंतर त्या अकरा वर्षें जगल्या. त्या हातानें त्यांना पुन्हां पोळी लाटतां आली नाहीं. आमचा दोष आम्ही चोळणारावर टाकीत नाहीं. नांव चुकीचें आम्हीं दिलें होतें.

अशी चूक विद्वानांच्याहि हातून झाली आहे. तळहातावर पडल्यानें मनगटास येणारी ही विकृति युरोपांतले शल्यवैद्य दीर्घकाळ सांधा निखळल्याची समजत. मनगटाजवळचें हाड मोडल्यानें ती होते, हें डब्लिनच्या कॉलिस या शल्यवैद्यानें १८१४ सालीं दाखविलें. राँटगेनचे क्ष-किरण तर १८९५ सालचे. म्हणजे कॉलिसनें तें डोळ्यांनीं व बोटांनींच ओळखलें. नांव बदललें तेव्हां उपचारहि बदलला.

यावरून संग्राहकांनीं धरावयाची रीत आमच्या मतें अशी. औषधाच्या पानावर मोडणें, मुरडणें, लचकणें किंवा मोच यांपैकीं कोणताहि शब्द आला तरी मथळा लागलीच घालूं नये. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो व शब्दहि तोडून लिहीत नाहींत, म्हणून वाचनाचाच संशय आधीं फिटला पाहिजे. मग खालचा उपाय वाचावा. बांबूच्या कामट्या किंवा वड, उंबर, पळस यांच्या साली बांधण्यास सांगितल्या असतील, आणि बंध ठराविक दिवसांनीं सोडण्याचा नियम असेल, तर तें भग्न समजावें. सुश्रुतानें हा बंध थंडींत सात, साधारण ऋतूंत पांच व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बदलावयास सांगितला आहे. सैल बंधानें सांधा स्थिर होत नाहीं व घट्ट बंधानें सूज आणि वेदना वाढतात, हेंहि तो बजावतो. ओढून बसविण्याची क्रिया सांगितली असेल तर ती निखळण. नुसता आंबेहळदीचा किंवा तुरटीचा लेप व शेक असेल तर ती मुरगळ असण्याचा संभव अधिक. एरंडेल पाजणें, रक्त काढणें व डाग देणें हीं घोट्याच्या संदर्भांत एकत्र आलीं तर वातकंटकाची आठवण ठेवावी. उपाय शब्दाचा अर्थ सांगतो. शब्दावरून उपाय ठरवूं गेल्यास काय होतें तें वर आलेंच आहे.

या कसोटीसहि मर्यादा आहे. एकाच पानावर लेप आणि कामट्या दोन्ही असूं शकतात, कारण मोडलेल्या हाडावरहि लेप घालीत. अशा ठिकाणीं मूळ शब्द जसाच्या तसा सूचींत उतरावा व त्यापुढें उपायाचें नांव लिहावें; अर्थ वाचणारा ठरवील. सूची करणाऱ्यानें अर्थ देण्याची घाई केली म्हणजे पुढच्या संशोधकाचा मार्ग बंद होतो, कारण मूळ पान त्याच्या हातीं येईलच असें नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं अशीं औषधाचीं पानें असतील त्यांनीं हाडें व सांधे यांसंबंधींचा मजकूर मूळ शब्दांसह व मिळाल्याच्या गांवाच्या नांवासह उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावा. कोणत्या भागांत मुरगळ, कोठें लचक आणि कोठें मोच, हें त्यावरून नकाशावर मांडतां येईल. मराठवाडा, वऱ्हाड व खानदेश यांच्या सांध्यावर वसलेल्या जाफराबादसारख्या गांवास अशा नकाशाची गरज इतरांहून अधिक आहे. येथें तीनहि बाजूंचे शब्द रोज बाजारांत एकत्र येतात, आणि एखाद्याचा पाय घसरला कीं एकदमच ऐकूं येतात.